अठराव्या खेळीवर बरोबरी

तिबिलिसी, १९ फेब्रुवारी १९७४

प्रिय मकवाला मावशी,

सात फेऱ्या झाल्या. पाच जिंकले, एक बरोबरीत सुटला आणि एक त्या बातूमीच्या चष्मेवालीनं माझ्या नाकाखालून नेला. त्या डावाबद्दल विचारू नकोस. माझे साडेपाच गुण, झुझुनाचे सहा. बाकी सगळ्या मागे. म्हणजे मॉस्कोच्या अंतिम स्पर्धेची एकुलती एक जागा आमच्या दोघींपैकीच कुणाला तरी मिळणार, असं सगळे म्हणतात.

घरमालकीण एलिको बाई चांगली आहे, पण खोलीत स्टोव्ह लावू देत नाही. मी कोट घालूनच अभ्यास करते. तू पाठवलेला मक्याच्या भाकऱ्यांचा डबा संपला. लाल मिरचीची चटणी तेवढी उरली होती, ती झुझुनानं चाटूनपुसून खाल्ली. दोन वर्षांपूर्वीच्या शिबिरात तिनं स्वतःचा कोट मला दिला होता, आठवतं ना? अजूनही तशीच आहे. पटावर मात्र तोंडाकडे बघवत नाही तिच्या.

आता एक गोष्ट. काल वालेरियन सर मला फिरायला घेऊन गेले. तू म्हणायचीस, सर पाठीवर हात ठेवून चालायला लागले की समजावं काहीतरी मागायचंय. तसंच झालं. म्हणाले, "बाराव्या फेरीत झुझुनाशी तुझी पांढरी. तू वजिराचं प्यादं दोन घरं पुढे ढकल, ती पण तेच करेल. तोच जुना, सभ्य डाव. अठरा खेळ्या खेळा, हात मिळवा आणि घरी जाऊन जेवा."

ते हसले, म्हणून मीही हसले. जिना चढताना लक्षात आलं की ते हसत नव्हते.

मी काय करू? ट्रंक कॉल करू नकोस. इथे एलिको बाई ऐकते आणि तिथे अख्खं पोस्ट ऐकतं.

तुझी एतेरी


कुताइसी, २२ फेब्रुवारी

चि. एतेरीस,

पत्र मिळालं. साडेपाच गुण चांगले आहेत. बातूमीवालीशी कुठे चुकलीस ते मी वर्तमानपत्रातल्या डावावरून पाहिलं. घोडा लवकर अडकवलास.

इथे थंडी आहे. क्लबातल्या मुलींची शहर स्पर्धा एप्रिलवर गेली. शाल्वा काकाची कंबर पुन्हा धरली आहे. ऐकत नाही, द्राक्षवेलींच्या मांडवावर चढतो.

सरांचं म्हणशील तर ते चाळीस वर्षं या खेळात आहेत. बरोबरी म्हणजे हार नव्हे. तू एकोणीस वर्षांची आहेस, झुझुना सव्वीसची. तुला अजून खूप स्पर्धा आहेत. सर सांगतात तसं कर. स्वस्थ खेळ, डोकं शांत ठेव, गरम मोजे घाल.

याविषयी कुणाशी बोलू नकोस.

मावशी तुझ्यावरून जीव ओवाळते.

मकवाला


तिबिलिसी, २५ फेब्रुवारी

मावशी,

हे पत्र नक्की तूच लिहिलंस का? अक्षर तुझंच आहे, म्हणून विचारते.

मी नऊ वर्षांची असताना पोस्टमनशी डाव मांडला होता आणि तो बिचारा घाईत म्हणून मी बरोबरी मागितली. तू माझ्या हातावर चापट मारलीस. सगळ्यांसमोर. म्हणालीस, "खेळायचं असेल तर शेवटपर्यंत खेळ, नाहीतर जाऊन कोंबड्यांना दाणे टाक." आणि आज मला गरम मोजे घाल म्हणतेस?

सर पुन्हा भेटले. या वेळी हसलेच नाहीत. म्हणाले, झुझुनाला आता नाही तर कधीच नाही, पुढच्या वर्षी तुझी पाळी, मी शब्द देतो.  मग म्हणाले, क्रीडा संस्थेच्या प्रवेशासाठी शिफारसपत्र लागतं, तिथे माझी सही लागते, मे महिन्यात. एवढंच. धमकी वगैरे काही नाही, हवापाण्याच्या गप्पा मारतात तशा आवाजात.

मी म्हटलं, "सर, मला विचार करू दे."

तर म्हणाले, "विचार कसला करतेस? मावशीला विचार. तिला माहीत आहे या गोष्टी कशा असतात."

मावशी, तुझ्या पत्रात मोज्यांच्या वर एक ओळ खोडलेली आहे. मी कागद खिडकीशी धरला. "मीही एकदा" एवढं वाचता आलं.

काय आहे ते लिही. नाहीतर उद्यापासून मला पत्र पाठवू नकोस.

एतेरी

ता. क. काल जिंकले. आज बरोबरी, खरीखुरी. दोन फेऱ्या राहतील तेव्हा मी तिच्यामागे बहुधा अर्ध्या गुणानंच असेन.


कुताइसी, २७ फेब्रुवारी

एतेरी,

बस सुटायला दीड तास आहे. ड्रायव्हर जुम्बेर ओळखीचा आहे, पत्र हातोहात देईल. म्हणून एका दमात लिहिते.

१९५३ साली मी वीस वर्षांची होते. हीच स्पर्धा. शेवटून दुसरी फेरी, समोर तिनातीन. तिचं नाव तू ऐकलं नसशील, ती नंतर लग्न करून सुखूमीला गेली. सर तेव्हा तरुण होते, त्यांनी माझ्याकडे बरोबरी मागितली नव्हती. हार मागितली होती. तिनातीन पहिली आली तर संघात तिची निवड पक्की होती, आणि संघ गेला की सरही जाणार होते. मला म्हणाले, पुढच्या वर्षी तुझी पाळी.

मी वजिराचं प्यादं पुढे टाकलं. चांगली खेळले. इतकी चांगली की माझी मलाच भीती वाटायला लागली, कारण तीस खेळ्यांनंतर मी सरळ जिंकत होते. मग मी हत्ती उचलला आणि जिथे ठेवायला नको तिथे ठेवला. पाहणाऱ्यांना वाटलं, पोरगी घाबरली. तिनातीननं माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी सरांनी शब्द पाळला. मला मदत केली, तयारी करून घेतली, सगळं केलं. पण मी पटावर बसले की एक भलतंच व्हायचं. चूक झाली की मला कळायचं नाही, ती माझ्याकडून झाली की मी केली. हरले की कळायचं नाही, खरंच हरले का. आपला हात आपल्याशी खोटं बोलायला शिकला की मग त्याच्यावर विश्वास बसत नाही. दोन वर्षं तशी खेळले आणि सोडलं.

घरी सांगितलं, डोकं दुखतं. तुझ्या आईला वाटलं, शाल्वा खेळू देत नाही. आजतागायत ती त्याच्या पानात वाढताना भांडं आपटते. आणि मी ते आपटू दिलं. शाल्वाला यातलं काही माहीत नाही.

तुला मी "सर सांगतात तसं कर" का लिहिलं? कारण भ्याले. तो माणूस दारं बंद करू शकतो. तुला घेऊन आता जाईन तर कुठे जाईन, असं वाटलं. पत्र टाकल्यावर पेटीशी उभी राहिले, हात आत घालून परत काढता येतं का बघत होते.

काय कर ते मी सांगणार नाही. वीस वर्षांपूर्वीच्या मकवालाला तेच विचारलं गेलं होतं, तिनं चुकीचं उत्तर दिलं.

मावशी


तिबिलिसी, २ मार्च, सकाळ

मावशी,

जुम्बेरकडे हे देते आहे. सोबतच्या कागदावर पटाची स्थिती काढली आहे. डाव काल संपला नाही, उद्या चार वाजता पुढे सुरू होईल.

कसं झालं ते सांगते. मी वजिराचं प्यादं पुढे टाकलं. तिनंही. मी बाजूचं प्यादं टाकलं, तिनं घेतलं नाही, आधार दिला. अगदी सरांनी सांगितला तसा सभ्य डाव. सर दोरीच्या पलीकडे मागे हात बांधून उभे होते. बारा, तेरा, चौदा. दोघींच्या खेळ्या भराभर पडत होत्या. बघणाऱ्यांतलं कुणीतरी जांभई दिली, ती मला ऐकू आली.

अठरावी खेळी मी टाकली. झुझुनानं आपली खेळी न करता हलकेच म्हटलं, "पुरे ना?"

म्हणजे तिला माहीत होतं! मावशी, तोपर्यंत मला खात्री नव्हती.   मी म्हटलं, "नाही. खेळू या."

तिचे कान लाल झाले. तिनं विचारलं, "काय म्हणालीस?" मी म्हटलं, "तुझी खेळी आहे." मी डोकं वर केलं तेव्हा सर दोरीपाशी नव्हते. बाहेर निघून गेले होते.

त्यानंतर ती चिडून खेळली. मी डावीकडची माझी दोन प्यादी तिच्या तीन प्याद्यांवर चालवली, तू शिकवलं होतंस तसं, हळूहळू, कुरतडत कुरतडत. तिथे तिचं एक प्यादं लंगडं पडलं. तेहेतिसाव्या खेळीला मी ते घेतलं. तिनं मारामारी करून बाकी सगळं पटावरून काढून टाकलं. आता माझा एक हत्ती, तिचा एक हत्ती, आणि मला एक प्यादं जास्त. एक्केचाळिसावी खेळी मी वीस मिनिटं विचार करून कागदावर लिहिली, पाकिटात घातली, पंचांनी सील केलं. हत्ती प्याद्याच्या मागे. दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही.

मी जिंकले तर अर्ध्या गुणानं तिच्या पुढे जाते.

सर रात्रीपासून झुझुनाच्या घरी हीच स्थिती तपासत बसलेत, दोन मदतनीस घेऊन. एलिको बाईनं सांगितलं, तिची बहीण त्याच जिन्यात राहते. माझ्यासोबत कुणी नाही. बातूमीवाली चष्मेवाली येऊन बसते म्हणाली होती, पण सकाळी दाराबाहेरच थबकली आणि म्हणाली, "मला पण पुढे खेळायचंय ग, रागावू नकोस."

बघशील का?

एतेरी


कुताइसी, ३ मार्च, पहाट

एतो,

आठ पानं सोबत आहेत. तपासून घे, सहाव्या पानावर मी एकदा चुकले आणि खोडलं आहे.

काळ्या बाजूनं शाल्वा बसला. त्याला हत्ती कसा चालतो याहून जास्त येत नाही, पण चिवट आहे. मी म्हणायचे, "इथे तू हरलास." तो म्हणायचा, "का म्हणून? दाखव." आणि दाखवताना मलाच कळायचं, हरलेला नव्हता. थोडक्यात: तुझं प्यादं एकटं जिंकून देणार नाही. राजा चालवावा लागेल. तिनं राजाच्या बाजूनं प्यादी पुढे आणली तर पहिली चार पानं. हत्तीनं बाजूनं शह देत बसली तर उरलेली. जिंकता येतं असं मला वाटतं. खात्री देत नाही.

शाल्वाला सगळं सांगितलं. हातात काळा हत्ती धरून बसला. मग म्हणाला, "म्हणजे वीस वर्षं तुझी बहीण मला उगाचच शिव्या घालते?" मी म्हटलं, हो. "आणि तू मला वाचवलं नाहीस?" मी म्हटलं, नाही. तो उठला, बाहेर गेला, अंगणात उभा राहिला. कंबर धरलेली, अंगात नुसता सदरा. मला वाटलं, संपलं. थोड्या वेळानं आत आला, बसला आणि म्हणाला, "चल. माझी खेळी होती."

बस सुटतेय. पोटभर खाऊन जा.

मावशी


तिबिलिसी, ५ मार्च

मावशी,

तू वर्तमानपत्रात वाचलंच असशील. बरोबरी. चौऱ्याहत्तर खेळ्या.

तुझी पानं रविवारी बारा वाजता मिळाली. चार वाजेपर्यंत मी ती पाठ केली. पंचांनी पाकीट फोडलं, माझी खेळी पटावर मांडली, आणि झुझुनानं त्यावर असं काही खेळलं जे तुझ्या आठही पानांत नव्हतं. राजाच्या बाजूची प्यादी नाहीत, शह नाही. सरळ आणखी एक प्यादं मला देऊन टाकलं आणि हत्ती मोकळा केला. सरांनीच शोधलं असणार. पाच मिनिटांत माझं पाठांतर संपलं.

मग मी एकटी होते. मावशी, एवढं एकटं मला कधी वाटलं नव्हतं, आणि खरं सांगू, एवढं छानही कधी वाटलं नव्हतं. माझा राजा चालत होता, प्यादं चालत होतं, तिचा हत्ती मागे लागला होता. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. पन्नाशीच्या पुढे मला वाटलं, आता झालं. आता हात पुढे करेल. मग काहीतरी निसटलं. काय ते कळलं नाही. तिचा राजा एकदम माझ्या प्याद्यासमोर येऊन उभा राहिला आणि तिथून हलेचना. सोळा खेळ्या मी डोकं आपटलं. शेवटी पटावर दोन राजे आणि दोन हत्ती. मी हात पुढे केला.

हे सगळं सोसलं असतं. त्यानंतरचं सोसवत नाही.

सर आले. सगळ्यांसमोर माझ्या कपाळाचा मुका घेतला आणि कानात म्हणाले, "शहाणी पोर. उगाच लांबवलंस, पण शहाणी."

 त्यांना वाटतंय मी ऐकलं! सगळ्यांनाच वाटतंय. चष्मेवाली म्हणाली, "मस्त नाटक केलंत दोघींनी, मी तर घाबरलेच होते." काल शेवटच्या फेरीत आम्ही दोघी जिंकलो. झुझुना पहिली, मी अर्ध्या गुणानं दुसरी. म्हणजे त्यांना हवं होतं तसंच, अगदी अर्ध्या गुणापर्यंत. आज बक्षीस समारंभाआधी सरांनी शिफारसपत्र दिलं. मे महिन्याची वाटही पाहिली नाही. सही ताजी होती, बोटाला शाई लागली.

मी काय करू, माईकवर जाऊन ओरडू की मी खरंच जिंकायला बसले होते? कोण विश्वास ठेवेल? आणि मावशी, सगळ्यांत वाईट हे की काल झोपताना मलाही शंका आली. तू लिहिलं होतंस ना, हात खोटं बोलायला शिकतो म्हणून. माझ्या हातानंच तर सोडून दिलं नाही ना तिला? तिच्या कोटामुळे, सहीमुळे?

खेळ्यांचा कागद पाठवते. मला तो बघवत नाही.

एतेरी


कुताइसी, ८ मार्च

एतो,

आज बायकांचा दिवस म्हणून शाल्वानं मिमोसाची पिवळी फुलं आणली. ती पटाच्या बाजूला ठेवून मी तुझा डाव तीनदा खेळले.

तुला धीर देण्यासाठी हे लिहीत नाही. तुझी शिक्षिका म्हणून लिहिते, तेव्हा नीट बसून वाच.

अठ्ठावन्नावी खेळी. कागदाच्या कडेला तूच लिहिलंयस, तुझ्या घड्याळात तेव्हा नऊ मिनिटं होती. तू हत्तीनं शह दिलास. का दिलास? दिसला म्हणून. त्या शहाची काही गरज नव्हती. तिचा राजा वाटेतून दूर होता, तुझ्या शहानं तू त्याला ढकलत प्याद्याच्या बाजूला नेलंस. पुढे तो तिथेच ठाण मांडून बसला, हे तूच लिहिलं आहेस. शहाऐवजी तुझा राजा एक घर पुढे आला असता तर तिच्याकडे तीन शह होते. ते संपले की सगळं संपलं होतं. तू जिंकलेली होतीस, एतेरी. स्वच्छ जिंकलेली.

आता दुसरं ऐक. मला मुद्दाम हरायचं कसं ते माहीत आहे. मुद्दाम सोडणारा माणूस शह देत नाही. तो हळूच, कुणाच्या लक्षात येणार नाही अशी एखादी मरतुकडी खेळी करतो, हत्ती एक घर इकडे, एक घर तिकडे. मी तशी केली होती. विजयाच्या इतक्या जवळ येऊन, घाईघाईनं, टेबलावर आपटून शह कोण देतं? ज्याला जिंकायची भूक आवरत नाही तो. ही चूक अधाशी पोरीची आहे. विकल्या गेलेल्या पोरीची नाही.

शाल्वा विचारतो, "मग तिनं आता रडायचं की हसायचं?" मी म्हटलं, रडायचं. हातातला डाव घालवलाय, रडायलाच हवं. पण ते रडणं तुझं स्वतःचं आहे. मला वीस वर्षांत एकदाही असं रडता आलं नाही.

तुझ्या आईला आज पत्र टाकलं. सगळं लिहिलं. या खेपेला पेटीशी उभी राहिले नाही.

त्या शिफारसपत्राचं तू बघ.

मावशी


तिबिलिसी, १२ मार्च

मावशी!

अठ्ठावन्नावी!! मी पट मांडला, राजा एक घर पुढे ठेवला, आणि इतक्या जोरात ओरडले की एलिको बाई उलथनं घेऊन धावत आली. तिला वाटलं उंदीर.

मग थेट झुझुनाकडे गेले. तिनं दार उघडलं, मला आत बोलवायचं की नाही असा चेहरा. मी सरळ पट मांडला आणि राजा पुढे ठेवला. ती बघत राहिली. मग म्हणाली, "मला दिसलं होतं."

"कधी?"

"तू विचार करत होतीस तेव्हाच. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते, तुला काही कळू नये म्हणून. तुझा हात राजाकडे गेला आणि मला वाटलं संपले. मग तू हत्ती उचललास." तिचे डोळे भरले. "अठराव्या खेळीला तू नाही म्हणालीस तेव्हा तुझा इतका राग आला होता, एतेरी. आणि लाजही वाटली. मीच का विचारलं ग तुला?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून सर आले. ते तिथेच होते, मॉस्कोची तयारी चालली होती. मी पिशवीतून शिफारसपत्र काढून टेबलावर ठेवलं. म्हटलं, "सर, हे तुम्ही ज्यासाठी दिलंत ते मी केलेलं नाही."

"म्हणजे?"

मी बोलायच्या आत झुझुना म्हणाली, "सर, ती मला मारत होती. अठ्ठावन्नाव्या खेळीला मी मेले होते."

मावशी, तुझ्या सरांना तू माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस. ते पत्राकडे बघेनात. पटाकडे बघायला लागले. म्हणाले, "कुठे? दाखव." मी दाखवलं. एक शह, दुसरा शह, तिसरा शह. तिसऱ्यानंतर त्यांनी स्वतःच हात पुढे करून काळा राजा आडवा केला.  मग त्यांनी पत्र उचललं, चार घड्या घातल्या, कोटाच्या खिशात ठेवलं आणि टोपी घेऊन निघाले. दारात थांबून म्हणाले, "मकवालाला सांग..." पुढे काही आलं नाही. गेले.

म्हणजे संस्थेचा प्रवेश गेला. एलिको बाईचा भाऊ रेशीम गिरणीच्या क्लबात आहे, तिथे मुलींना शिकवायला कुणी हवंय म्हणतात. उद्या जाऊन येते. आईला कसं सांगायचं ते मला ठाऊक नाही, तू सांगू नकोस, मी सांगेन.

झुझुना मॉस्कोला जातेय. मी तिचा हेवा करते, तिला तसं तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, "कर."

पण तो शह, मावशी! काय गरज होती? एक घर, फक्त एक घर! आठवलं की डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं. गेले तीन दिवस आपटते आहे. आणि तुला सांगते, इतकं बरं मला महिनाभरात वाटलं नव्हतं.

तुझी गाढव भाची,
एतेरी